आत्या आता खाली येत नाही

९ सप्टें.

गुडघा तसाच. ऑफिसचा जिना रोज थोडा वाढतोय असं वाटतं. धापा टाकत वर पोचले तर साहेब कागद घेऊन उभेच. आमच्या बोटींच्या परवान्यांच्या ऑफिसात ते नवीन, वयाने माझ्या भाच्याएवढे, पण घाई भारी. गस्तीची जुनी विमानं काढणार, नवीन येणार, त्याआधी किनाऱ्यावरच्या गावांत सभा घ्या असा वरून आदेश आलाय. "मॅडम, वरोर तुमचं माहेर ना? मग वरोर तुम्हीच बघा." माहेरचं म्हटलं की सगळं माझ्याच गळ्यात.

जुनं विमान म्हणजे आमची आत्या. वरोरला त्याला दुसरं नाव नाही. दोन पंखे, पांढरं पोट, उत्तरेकडून येतं आणि बोटींवरून इतकं खाली जातं की आत बसलेल्याचं डोकं दिसावं. न सांगता येते, सगळ्यांच्या भांड्यात डोकावते, पाणीही न पिता जाते, म्हणून आत्या. मी शाळेत होते तेव्हापासून हेच. ती आली की बोटीवरचे सगळे हात हलवतात, कोणी लुंगी फिरवतं, कोणी टोपली. तीही पंख तिरके करून जाते. बाबा दर्यावरून आले की आई आधी हेच विचारायची, आत्या भेटली का.

आता तिची निवृत्ती. माझ्याआधी.

१४ सप्टें.

वरोरची सभा झाली. मच्छीमार सोसायटीचा हॉल. माणसं जाळी घेऊनच आली होती, ऐकता ऐकता हात चालू. पायलट साहेब आले होते, नागपूरकडचे, पन्नाशीला टेकलेले. डोळ्यांखाली काळं, सारखी कंबर धरत होते. म्हणाले, विमानं म्हातारी झालीत, सुटे भाग मिळत नाहीत, एकाचे काढून दुसऱ्याला लावतो. नवीन विमान खूप उंचावरून जाईल. त्याला खाली यायची गरज नाही, कॅमेऱ्यात सगळं दिसेल. प्रत्येक बोटीला एक पांढरं खोकं मिळेल, डब्याएवढं. ते उघड्यावर ठेवायचं, बोट कुठे आहे ते आपोआप कळत राहील.

मग जरा चाचरत म्हणाले, "एक विनंती आहे. हात हलवू नका. अडचणीत असाल तरच हलवा. सगळेच हलवतात, मग आम्हाला वरून कळायचं कसं?"

हॉलमध्ये हशा. भिवाकाका, गावातले सगळ्यात जुने तांडेल, जन्मभर बोट चालवलेले, म्हणाले, "म्हंजे आत्या दारात आली तरी तोंड फिरवून बसायचं?" आत्या कोण ते पायलट साहेबांना मला सांगावं लागलं. हसले. बऱ्याच दिवसांनी हसत असावेत.

मी उठून तेच पुन्हा सांगितलं. हात हलवायचा म्हणजे मदत हवी. चार वेळा सांगितलं. घसा बसला.

शेवटी नरेश उठला. माझा धाकटा भाऊ, घरची बोट तोच चालवतो. त्याने हात उचलला की मला धडकी भरते. "खोकं सांगनार आम्ही कुठं मासे धरतो. बरोबर? एक महिना मासली नाय म्हनून आम्ही तिकडं नाय गेलो, तर उद्या बंदरवाले म्हनतील, बघा, हितं कोन येतच नाय, हा दर्या रिकामाच हाय."

सभेला आलेले आमचे ऑफिसचे साहेब म्हणाले, "असं काही नाही हो." हे वाक्य शेजारी वाढवणला मोठं बंदर करायचं ठरल्यापासून आमच्याकडे इतक्या जणांनी ऐकवलंय की आता त्यावर कोणी मानही वर करत नाही. खोकी सगळ्यांनी घेतली. लावली किती जणांनी ते विचारू नये.

१५ सप्टें.

ह्यांना सभेचं सांगितलं. हे रेल्वेत होते, सिग्नलला. म्हणाले, "तुमच्या आत्याला निदान गावोगाव सभा. मला शाल दिली, नारळ दिला आणि दुसऱ्या दिवशी गेलो तर वॉचमनने आत सोडलं नाही."

चिकू पिकत घातलेत, घरभर वास. गुडघा तसाच.

२ ऑक्टो.

सुट्टी. सकाळीच कल्पनाचा फोन. नरेशची बायको, उगाच फोन करणारी नाही. नरेश काल यायचा होता, आला नाही. वायरलेसला उत्तर नाही. बोटीवर तो, रमण आणि आणखी दोघं. रमण तलासरीकडचा, बरीच वर्षं आमच्याच बोटीवर खलाशी, आता घरचाच.

किनाऱ्याच्या कंट्रोल रूमला कळवलं. पहिला प्रश्न, खोकं चालू आहे का. कल्पनाला विचारलं. आधी दार लोटल्याचा आवाज. मग, "ताई, ते माळ्यावर हाय."

सध्या एकच जुनं विमान उडतंय, बाकीच्यांचे भाग ह्याच्या अंगात. दुपारी पाठवतो म्हणाले.

३ ऑक्टो.

विमान जाऊन आलं. त्या भागातल्या सगळ्या बोटी ठीक आहेत असा निरोप. सगळ्या ठीक, मग आमची कुठे आहे? कंट्रोलवाल्याला हेच विचारलं. तो म्हणाला, मॅडम, मी जे आलं ते वाचून दाखवतो.

कल्पनाला काय सांगू. ठीक आहेत म्हणाले, एवढंच सांगितलं. तिने रडू दाबल्याचं फोनवर कळलं.

४ ऑक्टो.

आले. चौघंही. उंबरगावच्या एका बोटीने दोर बांधून ओढत आणलं. तिचा गुजराती तांडेल मला म्हणाला, "बेन, हवे चिंता ना करो," आता काळजी नको. मी त्याच्या पाया पडायचीच बाकी होते.

मशीन बसलं, बॅटरी उतरली, वारा नेईल तिकडे गेले. बर्फ वितळवून पाणी प्यायले. नरेश सांगत होता, "आत्या आली ना. आमच्या डोक्यावरून गेली. आम्ही चौघं नाचलो गं ताई. लुंग्या फिरवल्या. तिनं पंख हलवले न् गेली निघून." सांगताना हसत होता. ते हसणं मला बघवेना, मी उठून मोरीत जाऊन तोंड धुतलं.

रमणला सणकून ताप. दवाखान्यात भिंतीकडे तोंड करून पडलाय. एकच म्हणतो, "बघून गेली, ताय. बघून गेली."

५ ऑक्टो.

पायलट साहेबांचा फोन. सभेत मीच नंबर दिला होता. कोणीतरी त्यांना सांगितलं असावं.

"मॅडम, मला ती बोट आठवतेय. चौघं होते. त्या दिवशी खालून प्रत्येक बोटीने हात हलवला होता. मला वाटलं, हे लोक ऐकायचे नाहीत. मी पंख हलवले."

मला त्यांचा राग येणार होता, सकाळपासून तयारी होती. आला नाही. शेवटी मी विचारलं, जेवलात का. नाही म्हणाले. जेवून घ्या म्हटलं आणि फोन ठेवला.

११ ऑक्टो.

वरोरला देवळासमोर बसून गावाने ठरवलं. ह्यापुढे आत्या आली तरी हात हलवायचा नाही. मोडेल त्याला गावाचा दंड. गंमत म्हणजे हे भिवाकाकांनीच मांडलं, तोंड फिरवून बसायचं का विचारणाऱ्यांनी. नरेशने पहिला होकार दिला.

सरकारने सभा घेऊन जे झालं नाही ते चौघांच्या उपासाने झालं. साहेब खूश. मला काही खूश व्हावंसं वाटलं नाही.

रमण ताप उतरल्यावर घरी गेला. परत येणार नाही म्हणाला.

२९ ऑक्टो.

आत्याचा शेवटचा फेरा. पायलट साहेबांचा काल मेसेज आला होता, उद्या सकाळी किनाऱ्याने जाईन, वरोरवरून जरा खाली येईन.

रजा टाकून गेले. सगळं गाव वाळूवर. बायका मासळी निवडायची सोडून उभ्या. आली. आवाज तोच, जुन्या शिवणयंत्रासारखा. बोटींवरून आली, आमच्यावरून गेली, आणि एकाही माणसाचा हात वर गेला नाही. झेंडावंदनाला उभं राहावं तसं सगळं गाव हात खाली सोडून. बोटीवरचेही तसेच.

ती पुढे जाऊन वळली. पुन्हा आली, अजून खाली. मला आतला चेहरा दिसल्यासारखा वाटला, खरं खोटं माहीत नाही. तरी कोणी हललं नाही. माझ्या शेजारी कल्पना, तिने एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. मग आत्याने आपणच पंख तिरके केले आणि उत्तरेला गेली.

"गेली," भिवाकाका म्हणाले, आणि लोक पांगले. मला फार वाईट वाटलं. चार वेळा घसा फोडून मीच सांगितलं होतं, आता कोणाला बोलणार.

येताना रिक्षातून पायलट साहेबांना मेसेज टाकला, "रागावले नव्हते. तुमचं ऐकलं."

१२ नोव्हें.

नवीन विमान लवकरच. हा लवकरच दिवाळीआधीपासून चालू आहे. परवानगी, चाचणी, तिसरं काहीतरी. आकाशात सध्या कोणी नाही. गावात कुठलाही आवाज आला की लोक वर बघतात, मग म्हणतात बंदराच्या मोजणीचं ड्रोन असेल, आणि मान खाली घालतात.

गुडघ्याला पट्टा घेतला. टोचतो.

१६ नोव्हें.

नरेशशी भांडण. खोक्यावरूनच. त्याच्या ओटीवर बसून मी आवाज चढवला, शेजारचे आपापल्या दारात आले.

"एवढं होऊनही कळत नाही तुला?"

"एवढं झालं म्हनूनच. आत्या डोक्यावर येऊन गेली, तिला आम्ही वळखू नाय आलो. ते खोकं काय वळखनार आम्हाला? ते फक्त तुझ्या साहेबाला सांगनार आम्ही कुठं जातो."

"माझा साहेब बंदरवाला नाही."

"तुला काय म्हाईत तो कुनाला दाखवतो? तुझं खोकं तुझ्या हापिसात ठेव."

मी म्हटलं, बाबांची शपथ आहे. शपथ घालायची नव्हती, तोंडातून गेली. तो उठून उभा राहिला. मग म्हणाला, बोटीवर ठेवतो. मी विजयी मुद्रेने घरी आले. ह्यांनी विचारलं, जिंकलीस? म्हटलं हो. पण नरेश इतक्या लवकर ऐकणारा नाही हे मला कळायला हवं होतं.

१७ नोव्हें.

कल्पनाचा फोन, हळू आवाजात. नरेशने खोकं बोटीवर ठेवलंय, शपथ मोडलेली नाही. तांदळाच्या पत्र्याच्या डब्यात, तांदळावर, झाकण लावून. पत्र्यातून काही बाहेर जात नाही हे त्याला कोणीतरी सांगितलंय.

लहानपणी परीक्षेच्या दिवशी जाळ्याखाली लपून बसायचा. तसाच आहे. हसूही आलं आणि दोन थोबाडीत द्याव्यात असंही वाटलं.

२३ नोव्हें.

रविवार. तलासरीला जाऊन आले, रमणकडे. एस.टी.ने, मग पायी. गुडघ्याने रस्ताभर उणंदुणं काढलं. रमण भात झोडत होता. बरा दिसला. त्याच्या बायकोने कोरा चहा दिला आणि माझ्याकडे अशी बघत बसली की मी काय मागायला आलेय ते तिला दारातच कळलं असावं.

नरेशला दुसरा चांगला खलाशी मिळत नाही. बोटीवर भात रमणच करायचा, चूल त्याची, डबाही त्याचाच. म्हणून आले होते. सगळं सरळ सांगितलं, डब्याचंही. त्याने हातातला पेंढा खाली ठेवला. "नरेशदादा तांडेल हाय, ताय. तो ठेव म्हनल तिथं मी ठेवनार." मग थोड्या वेळाने, "पन भाताला डबा उघडायलाच लागतो. तेवढा वेळ खोकं बाहेरच ऱ्हानार ना. मी लवकर नाय आत टाकनार."

बायको उठून आत गेली. मला तिची क्षमा मागावीशी वाटली, मागितली नाही.

२ डिसें.

नवीन विमान सुरू. ऑफिसच्या गच्चीवरून साहेबांनी दाखवलं. मला फक्त आवाज आला, बारीक, एकसुरी. नंतर एक पांढरा ठिपका.

भिवाकाकांना फोनवर सांगितलं. म्हणाले, "बघितली. ती आत्या नाय. ती वरच्या मजल्यावरची बाई. सगळं बघनार, बोलनार काय नाय."

साहेबांच्या कॉम्प्युटरवर आता बोटी दिसतात, हिरवे ठिपके, वर बोटीचा नंबर. वरोरचे पुष्कळ आहेत. म्हणजे लोकांनी हळूहळू लावलीत. आमचा नाही.

९ डिसें.

नरेश गेला. रमण बरोबर, शिवाय दोघं. ह्या वेळी लांब जाणार, घोळ मासा लागतोय म्हणे. दुपारी पडद्यावर बघत बसले. जेवायच्या सुमाराला आमचा ठिपका उगवला, थोडा वेळ राहिला, विझला. साहेब म्हणाले, "ह्या बोटीचं खोकं बिघडलंय बहुतेक." म्हटलं हो, बहुतेक.

रोज बघते आता. भात शिजतो तेव्हा माझा भाऊ कुठे आहे ते सरकारला कळतं.

१३ डिसें.

वाऱ्याचा इशारा. सगळ्या बोटींना परत बोलावलं. संध्याकाळपर्यंत वरोरच्या सगळ्या आल्या, एक सोडून. वायरलेसच्या टप्प्याच्या बाहेर असेल, असं भिवाकाका म्हणाले. माझ्याकडे न बघता म्हणाले.

साहेबांना डब्याचं सगळं सांगून टाकलं. ते ओरडतील वाटलं होतं. ते खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "मॅडम, आमच्या वडिलांनीही विहिरीवरचा मीटर गोणपाटाखाली ठेवला होता." मग कंट्रोल रूमला फोन करून माझ्यासमोर सांगितलं, जेवणाच्या वेळी नीट लक्ष ठेवा. पलीकडून विचारलं असावं, का. "कारण तेव्हा ते भात करतात," साहेब म्हणाले.

१४ डिसें.

वारा. दुपारी पडद्यासमोर मी, साहेब, आणि कल्पना. ती पहिल्यांदाच ऑफिसात आली. ठिपका उगवला. खूप लांब, नेहमीच्या जागेपेक्षा बराच पश्चिमेला. कल्पनाने पडद्यावर बोट टेकवलं आणि काढेचना. थोड्या वेळाने विझला. तिचं बोट तिथेच.

कंट्रोलवाल्यांनी विमान पाठवलं. ढग होते, लाटा होत्या, काही दिसलं नाही. उद्या पुन्हा.

१५ डिसें.

सकाळपासून ऑफिसात. डोकं चालत नाही, तेच तेच फिरतंय. बोट अडचणीत असती तर नरेशने स्वतःच खोकं बाहेर काढून डोक्यावर धरलं असतं, इतका वेडा नाही तो. म्हणजे ठिपका विझतो आहे तोवर तो ठीक आहे. मासळीच्या मागे गेलाय, इशारा ऐकला नाही, आणि भात झाला की डबा नीट बंद करून ठेवतोय. रमण जरा उशीर करतोय आणि हा त्याच्यावर खेकसतोय. असंच असू दे. जन्मभर ज्या हट्टापायी डोकं आपटलं, आज त्याच हट्टाची आशा धरून बसलेय.

की काल लाट आली आणि खोकंच गेलं? ते लिहायचं नव्हतं.

मघाशी आवाज आला म्हणून गच्चीवर गेले. जिना कसा चढले कळलं नाही. वर ती, वरच्या मजल्यावरची, पश्चिमेला चालली होती. खाली बाजार चालू, चिकूचे टेम्पो, रिक्षा, कोणी मान वर केली नाही. हात हलवायचा म्हणजे मदत हवी. मी दोन्ही हात हलवले. ती दिसेनाशी होईपर्यंत हलवले. खालचा चिकूवाला माझ्याकडे बघत राहिला.

पंख हलले नाहीत. ते हलत नाहीत ह्या विमानाचे.

खाली आले. कल्पना पडद्यासमोर बसलीय, साहेबांनी तिच्यासाठी चहा मागवलाय, तो निवलाय. भाताला अजून तासभर आहे.